हात लागण्याच्या आधी

वडिलांच्या तालमीत, गुरूंच्या तसबिरीशेजारी, एक आलेख चौकट करून टांगलेला आहे. तो माझ्या प्रयोगशाळेतला. नवा शिष्य आला की वडील त्याला आधी गुरूंपुढे वाकायला लावतात आणि मग त्या आलेखासमोर उभं करून तो समजावून सांगतात. समजावतात ते चूक आहे. मी ते त्यांना आलेख निघाला त्याच दिवशी सांगितलं होतं.

मी प्रांताच्या राजधानीतल्या एका रुग्णालयात काम करते. जखमी खेळाडू पुन्हा उभे कसे राहतात, चालताना कुठल्या पायावर भार टाकतात, हे मोजणं आमच्या विभागाचं काम. तिथे जमिनीत धातूची एक पाटी बसवलेली आहे. तिच्यावर उभं राहिलं की पाय जमिनीला कोणत्या क्षणी आणि किती जोराने रेटतात ते कळतं. वडिलांना या पाटीचं फार कुतूहल होतं. आतल्या विद्येला लोक थोतांड म्हणू लागले होते, घरची पोरगी शास्त्र शिकलेली होती, तेव्हा एकदा यंत्रानेच काय ते सांगून टाकावं असं त्यांनी स्वतःच ठरवलं. ते आले, आणि बरोबर त्यांच्या थोरल्या शिष्याला, थ्येलिनला, घेऊन आले.

थ्येलिन बूट काढून पाटीवर उभा राहिला. वडिलांच्या तळव्यावर दाब मोजणारी पातळ चकती चिकटवली. मागे गाद्या लावल्या. वडिलांनी हात पुढे केला आणि थ्येलिन नेहमीसारखा मागे उडाला, इतका की गाद्यांपलीकडच्या कपाटावर जाऊन आदळला. माझे सहकारी टाळ्या वाजवायला लागले. मी पडद्याकडे पाहत होते. पायांची रेषा आधी उसळली होती. तळव्याची रेषा त्यानंतर उठली होती आणि तीही जेमतेम, दारावर टकटक करावी एवढी. थ्येलिनला कोणी ढकललं नव्हतं. त्याने उडी मारली होती, आणि तीसुद्धा हात लागण्याच्या आधी.

मी रेषांवर बोट ठेवून वडिलांना हे सांगितलं. ते चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. पायांची रेषा कुठली, हाताची कुठली, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग हसले.

"म्हणजे हात पोचायच्या आधी माझा हेतू पोचला," ते म्हणाले. "हेच तर मी आयुष्यभर सांगतोय. तुझ्या यंत्राला कळलं आणि तुला नाही कळलं, सूचेन."

त्यांनी आलेखाचा कागद मागून घेतला आणि दुमडू नये म्हणून गाडीत गुडघ्यांवर धरून गावी नेला. थ्येलिन मोजे चढवत होता. त्याने मान वर केली नाही.

आमचं गाव प्रांताच्या दक्षिणेकडचं, जुन्या तटबंदीचं, भोवती पाण्याचा खंदक आणि त्यात लव्हाळे. वडिलांचे गुरू या गावात दोन्ही विद्या शिकवत. बाहेरची म्हणजे हाडं, स्नायू, कातडी कणखर करायची: वाळूच्या पोत्यांवर ठोसे, लाकडी खांबांवर हात-पाय आपटणं, मग औषधी दारूने चोळणं. आतली म्हणजे शरीर सैल सोडायचं, गुडघे वाकवून तासन्‌तास स्थिर उभं राहायचं, श्वास पोटात उतरवायचा आणि समोरच्याचं बळ अंगावर न घेता त्याचं त्यालाच परत करायचं. गुरू गेले आणि त्यांच्या दोन पट्टशिष्यांनी वाटणी केली. माझ्या वडिलांनी, पांग शौथ्याननी, आतली घेतली. ल्वानकाकांनी बाहेरची. दोघांचे खंदकाच्या दोन अंगांना आखाडे, आणि मयताला गेल्याशिवाय दोघांचं बोलणं नाही.

ल्वानकाकांच्या विद्येबद्दलही माझा गैरसमज नाही. त्यांचे पठ्ठे पंचविशीत गुडघे धरून माझ्याकडे येतात. खुद्द काकांची बोटं आता मिटत नाहीत. जेवायच्या काड्या मुठीत पळीसारख्या धरून ते भात खातात. पण त्यांच्या आखाड्यात माणूस दुसऱ्याला खरोखर मारतो आणि खरोखर मार खातो. मार म्हणजे काय ते तिथल्या पोराला ठाऊक असतं.

मला दोन्हींपैकी काही शिकवलं नाही. मुलगी परक्या घरी जाणार, तिच्याबरोबर विद्या जाणार. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची. पुढे भाऊ झाला, लीशान, आणि वडील त्याला कडेवर घेऊन अंगणात उभे राहू लागले. तो जेमतेम चालायला लागला तेव्हापासून शिष्य त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसत, तो इवलासा तळवा त्यांच्या छातीवर ठेवी आणि ते धाडधाड मागे पडत. तो खिदळायचा. आई हात पुसत बाहेर येऊन बघायची. आधी हे कौतुक होतं. लीशानला मिसरूड फुटली तेव्हा ते शिस्त झालं होतं. वस्तादांच्या मुलाच्या हाताने न उडणं म्हणजे वस्तादांचा अपमान. लीशानने आयुष्यात असा माणूसच पाहिला नव्हता, ज्याला त्याने ढकललं आणि जो उभा राहिला.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. सकाळी अंगणात बोरीच्या झाडाखाली निवृत्त मास्तर आणि बँकेतल्या बायका हळूहळू हात फिरवतात, त्यांची पाठ दुखायची थांबते, झोप लागते. मी स्वतः रुग्णांना ते करायला सांगते. पण हिवाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत ल्वानकाकांचा सगळ्यात तयार पठ्ठा, शांग, दारू पिऊन बोलून गेला की पांगांच्या अंगणात पावसाळ्यात बेडूक कमी आणि शिष्य जास्त उडतात. आख्खी पंगत हसली. लीशान दोन टेबलं सोडून बसला होता. त्याने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, तिसऱ्या महिन्याच्या जत्रेत ये, बेडूक कोण ते बघू. जत्रेच्या मंडळाला आयताच कार्यक्रम मिळाला. त्यांनी मैदान आखून दिलं, दोर बांधायचं कबूल केलं, भिंतींवर चित्रं लावली. वडिलांना सकाळी हे कळलं तेव्हा ते बाजरीची पेज पीत होते. त्यांनी वाटी संपवली आणि म्हणाले, "बरं झालं."

मी रजा घेऊन गावी गेले. लीशानला कोणीतरी, एकदा तरी, खरं ढकलायला हवं होतं. किंवा निदान त्याने ढकलल्यावर कोणीतरी जागचं न हलता उभं राहायला हवं होतं. एवढं झालं असतं तर तो स्वतःच समजला असता. तो मूर्ख नाही.

त्याला मी वेशीजवळच्या दुकानात घेऊन गेले. तिथली गाढवाच्या मांसाची भाकरी त्याला लहानपणापासून आवडते. तो खात होता आणि मी आलेख समजावत होते, पायांची रेषा, हाताची रेषा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या मते यंत्र वजन मोजतं, आणि वजनाचा इथे प्रश्नच नव्हता.

"मग मला ढकल," मी म्हटलं. "इथेच. सगळं बळ लावून."

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"का? लोक बघतील म्हणून?"

"तुझं आत काही तयार नाहीये. तू कधी साधनेला उभी राहिली नाहीस. यकृताला धक्का बसला तर? आज काही वाटणार नाही तुला. सहा महिन्यांनी रक्त ओकशील."

"मी रुग्णालयातच असते. सोय आहे."

तो हसला नाही. त्याला खरोखर भीती वाटत होती. वडिलांनी त्याला शपथ घातली होती की न शिकलेल्या माणसावर हात टाकायचा नाही. त्याने आपल्या भाकरीतला मांसाचा मोठा तुकडा काढून माझ्या भाकरीत घातला आणि मी फार वाळलेय, शहरात नीट जेवत नाही, असं काहीतरी बोलत राहिला. बाहेर पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडत होता, दुकानदार फडकं मारून तो पातेल्यावरून हाकलत होता. माझ्या भावाने मायेपोटी मला हात लावायचं नाकारलं, आणि त्याच्यापुढे माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

म्हणून मी थ्येलिनकडे गेले.

थ्येलिनचं विजेवरच्या सायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. पन्नाशी उलटलेली, केस अजून काळे, मान जाड. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे वडिलांपुढे डोकं टेकून, त्यांना चहा देऊन तो घरचा शिष्य झाला तो. लग्नापेक्षाही मोठा, असं त्याची बायको सांगते, आणि ती तक्रार असते. मी एका उलट्या केलेल्या सायकलीशेजारी बसले आणि विचारलं की त्या पाटीवर काय झालं ते त्याला माहीत आहे का.

त्याने चाक फिरवलं, थांबवलं. मग बोलला. वडिलांचा हात एके काळी खरा होता. तरुणपणी त्यांनी थ्येलिनला असं फेकलं होतं की भिंतीकडेचा लोणच्याचा रांजण फुटला आणि आईने दोघांनाही शिव्या घातल्या. तो रांजण फुटलेला मलाही आठवतो. मग एका हिवाळ्यात वडिलांना न्यूमोनिया झाला. नवीन वर्षाला पाहुणे आले, वडील उठून कसेबसे अंगणात आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी थ्येलिनच्या छातीवर तळवा टेकवला.

"त्यात काही नव्हतं," थ्येलिन म्हणाला. "ओलं फडकं ठेवावं तसं. समोर सतरा माणसं बसलेली. मी काय करणार होतो, सूचेन? गेलो मागे. माझं मीच."

बाकीच्यांनी थोरल्याला जाताना पाहिलं. मग तेही जाऊ लागले. वडील बरे झाले, पण त्यानंतर त्यांना बळ लावायची गरजच पडली नाही. ते दर वर्षी हात आणखी हलका करत गेले आणि शिष्य आणखी लांब उडत गेले. वडिलांना वाटलं, विद्या पिकते आहे.

मी थ्येलिनला एकच मागितलं. लीशानसाठी एकदा उभा राहा. उलट ढकलू नकोस, काही करू नकोस, फक्त जागचा हलू नकोस. त्याने चिंधीने एकेक बोट पुसलं. वस्तादांसमोर का, त्याने विचारलं. त्यांच्यासमोरच, मी म्हटलं, नाहीतर लीशान म्हणेल तू मुद्दाम केलंस. त्याने होकार दिला. हे त्याला सोपं नव्हतं आणि ते माझ्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, या वेळी खिडकीत नाही. वडील बोरीखाली चहा घेऊन बसले होते. लीशान आणि थ्येलिन समोरासमोर आले, मनगटाला मनगट लावून दोघांचे हात गोल फिरू लागले. थ्येलिनने गुडघे नेहमीपेक्षा खाली घेतले होते. त्याचे तळपाय जमिनीला घट्ट धरून होते, मला दिसत होतं. लीशानचा तळवा सुटला आणि पुढे आला. आणि थ्येलिनच्या टाचा उठल्या. तळवा अजून हवेत होता. थ्येलिन मागे गेला, तीन-चार पावलं धडपडला आणि भिंतीवर आपटला, तिथे आता रांजण नसतो.

"आज चांगलं होतं," वडील म्हणाले.

लीशान माझ्याकडे बघून हसला, म्हणजे पटलं ना आता, अशा अर्थाने. मी थ्येलिनच्या मागोमाग नळावर गेले. तो तोंडावर पाणी मारत होता.

"मी उभा राहणार होतो," तो हळूच म्हणाला. "आईची शप्पथ. रात्रभर ठरवत होतो. त्याचा खांदा हलला आणि मी भिंतीपाशी होतो."

पायांची रेषा हाताच्या आधी का उठते हे मी आलेखात पाहिलं होतं, तरी मला ते आत्ता कळत होतं. तो ठरवून उडी मारत नव्हता. ठरवणं कधीच संपलं होतं. वीस वर्षं एखादी गोष्ट केली की शरीर ती विचारत नाही. आमच्या विभागात आम्ही लोकांना याच आधारावर पुन्हा चालायला शिकवतो.

उरले ल्वानकाका. मी खंदकावरचा पूल ओलांडून त्यांच्याकडे गेले आणि सामना रद्द करा म्हणाले. ते पोरांकडून वाळूची पोती टांगून घेत होते. त्यांनी मला स्टूल दिलं, आई गेल्याचं पुन्हा एकदा वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि म्हणाले की माघार घ्यायची तर पांगांनी घ्यावी, आव्हान त्यांच्या पोराचं आहे. मी म्हटलं, ते घेणार नाहीत. काकांनाही ते माहीत होतं.

"गुरूंनी आम्हाला एक आख्खा माणूस शिकवला होता," ते म्हणाले. "आम्ही तो मधून कापून नेला. तुझ्या बापाने आतडी नेली, मी हाडं नेली." त्यांनी आपली न मिटणारी बोटं माझ्यापुढे धरली. "शांगला सांगतो हळू घ्यायला. लेकरू आहे घरचं. मीही खेळवलंय त्याला."

त्यांनी शब्द पाळला, हे मला सांगायला हवं. शांगनेही पाळला.

जत्रेच्या दिवशी मैदानाभोवती खुर्च्या कमी पडल्या. लोक साखरेत घोळवलेल्या फळांच्या काड्या हातात धरून झाडांवर चढले होते. वडील पुढच्या रांगेत, निळ्या रेशमी झग्यात. थ्येलिन त्यांच्या मागे उभा. लीशानने पातळ हातमोजे नाकारले नव्हते, ते नियमातच होते, पण डोक्याला संरक्षण घ्यायला नकार दिला. त्याचा चेहरा शांत होता. खांदे सैल, कंबर सैल, जबडा सैल, जीभ टाळूला लावलेली, वडिलांनी शिकवलं होतं तसं सगळं.

घंटा झाली. शांग थोडा वेळ भोवती फिरला, एक-दोनदा हात पुढे करून मागे घेतला. मग लीशान पुढे गेला. ते पाऊल सुंदर होतं, मी वाईटपणाने म्हणत नाही. तो शांगच्या हातांच्या आत शिरला आणि त्याचा तळवा शांगच्या छातीवर बरोबर मधोमध टेकला.

आणि तो थांबला.

त्याला सवय होती तसा तो थांबला. हात लावला की पुढचं समोरच्याने करायचं असतं. शांग उडाला नाही. तोही थांबला होता. मला वाटतं, तो गोंधळला होता, यात काही डाव असेल, आता काहीतरी होईल, म्हणून. दोघं तसेच उभे होते. लीशानच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. मग शांगने एक ठोसा मारला, आखूड, अर्ध्या बळाचा, एखाद्याला जागं करावं तसा. सैल जबडा दातांवर दात आवळलेल्या जबड्यासारखा धक्का पेलत नाही, हे हाडांचा कोणीही डॉक्टर सांगेल. तो दोन जागी मोडला. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

शांगच पहिल्यांदा गुडघ्यावर बसला. तो सारखा म्हणत होता की मी हळूच मारलं, काका, हळूच मारलं. ल्वानकाका डोळ्यांवर हात ठेवून बसले होते. गर्दीतून कोणीतरी बेडकासारखं ओरडलं आणि काही लोक हसले.

जिल्ह्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, वरचा आणि खालचा जबडा तारेने एकमेकांना बांधला. लीशानला बरेच आठवडे तोंड उघडता येणार नव्हतं. मी नळीने पाणी कसं द्यायचं ते परिचारिकेला दाखवून बाहेर आले तर बाकावर वडील होते, त्याच रेशमी झग्यात. ते मला समजावू लागले. शेवटच्या क्षणी पोरगा ताठला. मनात जिंकायची इच्छा आली की शरीर ताठतं आणि आतला प्रवाह तुटतो. आणखी दहा वर्षं साधना हवी होती. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, सकाळी अंगणात शिकवताना असतो तसा. मी तोंड उघडणार तेवढ्यात थ्येलिन पुढे आला आणि दवाखान्याच्या फरशीवर त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसला. जाणारे-येणारे थांबले.

"वस्ताद, मी उड्या मारत होतो," तो म्हणाला. "त्या न्यूमोनियापासून. तुम्ही कधी ढकललंच नाही मला. मीच जात होतो. सगळे जात होते. लीशानच्या हातानेसुद्धा." त्याने कपाळ फरशीला टेकवलं. "माझ्यामुळे झालं हे."

मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी, असल्या जागी का होईना, आता वडिलांना ऐकू येईल. माझ्या बोलण्याला पाटी होती, रेषा होत्या, आणि त्या त्यांनी पचवल्या. पण हा त्यांचा थोरला शिष्य होता, आणि तो आपल्याच तोंडाने सांगत होता. वडील त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा सावकाश बदलला. त्यांनी खाली वाकून थ्येलिनला दंडाला धरून उठवलं आणि त्याच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली.

"तुला वाटतं तू उडी मारलीस," ते प्रेमाने म्हणाले. "फेकलेल्याला आपणच उडी मारली असं वाटावं, याच्या वरची पायरी नाही. गुरूंनासुद्धा ती जमली नव्हती. रडू नकोस, थ्येलिन. माझ्यापर्यंत पोचायला तुला वेळ लागला एवढंच."

थ्येलिन त्यांच्याकडे बघत राहिला. शांगच्या ठोशानंतर लीशानचाही चेहरा असा झाला नव्हता. मग तो वळला आणि जिन्याने खाली गेला. पुढे कधी तो अंगणात आला नाही. वडिलांनी त्याला काढलं नव्हतं, शिक्षा केली नव्हती, उलट क्षमा केली होती, तेव्हा त्याला परत यायला काही अडचण नव्हती. त्याच्या दुकानात मी गेले तेव्हा त्याने माझ्याशी सायकलींबद्दल गप्पा मारल्या.

मी सुट्टीच्या दिवसांना गावी येऊ लागले. लीशान घरी होता. चेहऱ्याची सूज उतरली होती, गाल आत गेले होते. तो बोरीखाली स्टुलावर बसून नळीने बाजरीची पेज प्यायचा. काही सांगायचं झालं तर हाताने सांगायचा, पण फारसं काही सांगायचा नाही. मी त्याला विचारलं की मैदानावर हात टेकला तेव्हा त्याला काय जाणवलं. त्याने आपला तळवा उलटा करून पाहिला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. तेवढं उत्तर मला पुरे होतं.

शिष्य कमी झाले. बायका आणि म्हातारे येत राहिले, त्यांना फक्त हात फिरवायचे असतात. ज्यांना ढकलायचं ते येईनासे झाले. वडील अंगणात येऊन उभे राहत, बाह्या सारख्या करत आणि समोर कोणी नसे. ते बारीक दिसायला लागले होते. जेवताना त्यांचे हात टेबलावर अस्वस्थ पडलेले असत.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. आज यंत्र नाही, पाटी नाही, त्यांनी सांगितलं, तू स्वतः उभी राहा, म्हणजे एकदाचं तुला कळेल. मी विचारलं, माझ्या यकृताचं काय.

"मी जोर आवरून लावीन," ते म्हणाले. "तू माझीच आहेस. मला माप कळतं."

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी तळवा माझ्या गळ्याखाली, छातीच्या हाडावर टेकवला. लहानपणी ताप बघायला ते असा हात ठेवायचे, त्यानंतर आत्ता. हात गार होता. त्यांनी श्वास सोडला आणि ढकललं. मी उभी होते. मी काहीच केलं नाही, विरोधही केला नाही, फक्त उभी होते, सत्तरी गाठलेल्या माणसासमोर धडधाकट बाई उभी राहील तशी. त्यांनी पुन्हा ढकललं, या वेळी खांदा लावून. त्यांच्या कापडी सपाता मातीवर थोड्या मागे सरकल्या. जो रेटा मला लागत होता तोच त्यांना मागे नेत होता, यात नवल नाही. त्यांनी खाली, सरकलेल्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या नजरेत पहिल्यांदाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं.

स्टूल पडल्याचा आवाज आला. लीशान उठला होता. त्याने पेजेची वाटी ओट्यावर ठेवली, माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं आणि माझ्या जागी उभा राहिला. त्याने वडिलांचा हात आपल्या हातात घेतला आणि आपल्या छातीसमोर आणला.

मी त्याच्या पायांकडे पाहत होते, मला तेच बघता येतं. वडिलांचा तळवा पुढे आला. लीशानच्या टाचा जमिनीवर होत्या. तळवा टेकला, टाचा अजून जमिनीवरच होत्या. हाताखाली काय आहे ते कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. मग टाचा उठल्या. तो मागे गेला, अंगण ओलांडून, आणि पाठीने भिंतीवर इतक्या जोरात आदळला की चुन्याचे पोपडे गळले. तारांनी बांधलेल्या दातांमागून एक आवाज निघाला, ओठांवर थोडं रक्त आलं.

"पाहिलंस?" वडील माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "लाकडाला काय कळणार. ज्याचं आत जागं आहे त्यालाच कळतं."

लीशानने बाहीने तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता त्याने पडलेलं स्टूल उभं केलं आणि पुन्हा येऊन वडिलांसमोर उभा राहिला.